स्तनकर्करोग : आनुवंशिकता आणि हॉर्मोने (संशोधनाचा इतिहास)

स्तनातील दुग्धग्रंथी व दुग्धवाहिन्या यांच्या अस्तरातील कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन जे मारक अर्बुद निर्माण होते, त्यास स्तनकर्करोग म्हणतात. हा रोग पुरुषांतही क्वचित होतो. तथापि तो मुख्यतः स्त्रियांचा रोग आहे. भारतातील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक आज पहिला असून २०२० साली देशात सुमारे १ लाख ७८ हजार नवे रुग्ण उद्‌भवल्याचा अंदाज आहे. एखाद्या स्त्रीस हा रोग होण्याचा संभव कशावर अवलंबून असतो, या प्रश्नाची दोन उत्तरे गेल्या शतकात पुढे आली : तिच्या वंशातून आलेली जीने आणि तिच्या शरीरात आयुष्यभर स्रवणारी हॉर्मोने. ही दोन उत्तरे परस्परांत किती गुंतलेली आहेत हे उलगडण्यात मुंबई येथील संशोधनाचा वाटा मोठा आहे. मात्र वरोरा, मूल वा भामरागड येथील स्त्रीला त्या संशोधनातून काय मिळाले, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

प्रारंभीच्या कल्पना : मठवासी जोगिणींमध्ये स्तनकर्करोग अधिक आढळतो, असे इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नमूद केले होते. अपत्यहीनतेचा या रोगाशी संबंध असल्याची ती पहिली नोंद होय. आनुवंशिकतेची पहिली व्यवस्थित नोंद १८६६ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरच्या अनेक पिढ्यांची वंशावळ मांडून केली.

हॉर्मोने हा शब्दही रूढ नव्हता अशा काळात, १८९६ साली, स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक जॉर्ज टॉमस बीटसन यांनी स्तनकर्करोगाच्या प्रगत अवस्थेतील स्त्रीचे अंडकोश काढून टाकल्यावर अर्बुद ओसरल्याचे प्रसिद्ध केले. त्यांना ही कल्पना गोठ्यातून सुचली होती. गाय व्याल्यावर तिचे अंडकोश काढल्यास ती दीर्घकाळ दूध देत राहते, हा काही देशांतील शेतकऱ्यांचा अनुभव त्यांच्या वाचनात आला होता. स्तनाच्या ऊतकावर दूरच्या अवयवाची सत्ता चालते, हे त्यांनी त्यावरून ताडले. पुढे १९३२ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी उंदरांच्या नरांना स्त्रीमदजनाची अंतःक्षेपणे देऊन त्यांच्यात स्तनकर्करोग निर्माण केला. स्त्रीमदजने, ज्यांना ईस्ट्रोजेने असेही म्हणतात, ही अंडकोशातून स्रवणारी मुख्य स्त्री-हॉर्मोने असून ती स्तनातील कोशिकांच्या विभाजनास चालना देतात. विभाजन जितके अधिक तितकी जीनांच्या प्रतिलिपीत चूक होण्याची संधी अधिक, असे या क्रियेचे स्थूल स्वरूप आहे.

याच सुमारास अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत आनुवंशिकतेच्या कल्पनेस अनपेक्षित वळण मिळाले. निकट संकराने वाढविलेल्या उंदरांच्या काही वाणांत जवळजवळ प्रत्येक मादीस स्तनकर्करोग होई. हा दोष वंशातून येतो असे सर्वांचे मत होते. जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये अशा वाणाची पिले जन्मताच निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली. तेव्हा त्यांच्यातील रोगाचे प्रमाण फार घटले. म्हणजे आईकडून पिलाकडे जाणारा एक घटक रक्तातून नव्हे, तर दुधातून जात होता. या ‘दुग्ध घटका’चे स्वरूप पुढे व्हायरसाचे ठरले. आनंदवनामुळे महारोगाच्या इतिहासात स्थान मिळविलेल्या वरोऱ्याच्या वाचकास येथे एक उलट साम्य जाणवेल. महारोग कुळातून उतरतो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नॉर्वेतील तज्ञांचेही मत होते. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधल्यावर ते मागे पडले, परंतु रोग्याच्या कुटुंबावरील कलंक मात्र शतकभर टिकला. ‘घराण्यात आहे’ हे वाक्य शास्त्राने किती जपून उच्चारावे, याचे हे दोन्ही दाखले आहेत.

मुंबईतील कार्य : मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे प्रमुख विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी भारतीय समाजांतील कर्करोगांचे प्रमाण धर्म, जात व आहार यांनुसार वेगवेगळे असते, या गोष्टीकडे प्रथमपासून लक्ष वेधले. १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे १९६६ मध्ये रुग्णालय व हे केंद्र एका व्यवस्थेखाली आले. खानोलकरांचा महारोगावरील अभ्यासही तितकाच मोलाचा असून याच केंद्रात महारोगाच्या जंतूविषयीचे काम पुढे दीर्घकाळ चालले.

खानोलकरांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे (१९१७–२००१) या स्तनकर्करोगाच्या प्रायोगिक अभ्यासातील भारतातील अग्रणी होत. पुण्यात जन्मलेल्या व तेथेच कृषी महाविद्यालयात कोशिका-आनुवंशिकी शिकलेल्या रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतक संवर्धनाचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर मुंबईत त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या वाणांवरील प्रयोगांतून आनुवंशिक प्रवृत्ती, हॉर्मोने व व्हायरस हे तीन घटक एकत्र आल्याखेरीज रोगाचा उलगडा होत नाही, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. मुंबईत वाढविलेला व संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ म्हणून ओळखला जाणारा उंदरांचा वाण स्तनकर्करोगाच्या मोठ्या प्रमाणामुळे अभ्यासकांना परिचित झाला. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालिका होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचे काम केले. त्यांच्या चरित्रात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, हे योग्य नाही.

पारशी समाजाचा अभ्यास : मुंबईच्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण शहरातील इतर समाजांपेक्षा बरेच अधिक आहे, ही गोष्ट रुग्णालयाच्या नोंदींवरून लक्षात आली होती. मात्र रुग्णालयातील नोंदींवरून समाजातील प्रमाण काढणे धोक्याचे असते; जो समाज सुशिक्षित व सधन, तो अधिक संख्येने रुग्णालयात येतो. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हा ही उणीव दूर झाली. देशातील ही पहिली अशी नोंदणी होय. तिच्या आधारे जस्सावाला व जैन यांनी १९७७ मध्ये नऊ वर्षांतील २,१३० रुग्ण स्त्रियांचा धर्मवार अभ्यास प्रसिद्ध केला. पारशी स्त्रियांमधील अधिक प्रमाण त्यात निर्विवाद ठरले.

त्याचे कारण मात्र निर्विवाद ठरले नाही. पारशी समाजात विवाह शतकानुशतके समाजांतर्गतच होत आले, त्यामुळे एखादे उत्परिवर्तन त्यात साठून राहण्याचा संभव होता. त्याच समाजात विवाह उशिरा होत, अविवाहित स्त्रियांची संख्या मोठी असे, अपत्ये थोडी असत. म्हणजे हॉर्मोनांच्या बाजूनेही सर्व कारणे उपस्थित होती. दोन्ही कारणे एकाच समाजात एकवटल्याने त्यांची फारकत करणे अशक्य झाले. तिसरी शक्यता दुग्ध घटकाची होती. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील डॅन मूर व मुंबईतील संशोधक यांनी पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांतील व्हायरसासारखे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधले. मुंबईतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या आद्य अभ्यासक सत्यवती शिरसाट यांचा या कामात सहभाग होता. असे कण आढळल्याच्या वृत्ताने जगभर खळबळ उडाली आणि मुलींना अंगावर पाजावे की नाही असा प्रश्नही विचारला जाऊ लागला. पुढील अभ्यासांत त्या कणांचा मानवी रोगाशी कार्यकारण संबंध सिद्ध झाला नाही. आज ती कल्पना मागे पडली आहे. स्तनपान हे उलट संरक्षक ठरले आहे.

हॉर्मोने व प्रजननाचा वृत्तांत : लाकासान्य यांच्या प्रयोगापूर्वीच, १९२६ मध्ये, इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी रुग्ण व निरोगी स्त्रियांची तुलना करून उशिरा विवाह, थोडी अपत्ये व अल्प स्तनपान यांचा रोगाशी संबंध दाखविला होता. १९७० मध्ये ब्रायन मॅक्मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील स्त्रियांच्या अभ्यासावरून असे दाखविले, की अपत्यांच्या संख्येपेक्षा पहिल्या प्रसूतीचे वय अधिक महत्त्वाचे असते. १८ वर्षांच्या आत पहिली प्रसूती झालेल्या स्त्रियांमधील धोका ३५ वर्षांनंतर पहिली प्रसूती झालेल्यांच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. पूर्ण मुदतीच्या गर्भारपणात स्तनग्रंथीच्या कोशिका परिपक्व होतात व नंतर त्या सहजी बिघडत नाहीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. २००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून प्रत्येक प्रसूतीमागे ७ टक्के आणि स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे ४.३ टक्के धोका घटतो, असे ठरविण्यात आले. २०१२ मधील तशाच एका संकलनात ऋतुप्राप्ती एक वर्ष आधी झाल्यास धोका सुमारे ५ टक्क्यांनी व रजोनिवृत्ती एक वर्ष उशिरा झाल्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले.

रजोनिवृत्तीनंतर अंडकोश थंडावतात, तरी स्त्रीमदजन नाहीसे होत नाही. अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या पौरुषजनांचे रूपांतर ॲरोमॅटेज नावाचे एंझाइम मेदऊतकात करीत राहते. म्हणून उतारवयातील स्थूलता धोक्याची ठरते. टाटा स्मारक केंद्रातील अभ्यासात भारतीय स्त्रियांच्या बाबतीत एकूण वजनापेक्षा कमरेचा घेर महत्त्वाचा असल्याचे व तो रजोनिवृत्तीपूर्वीही धोका वाढवीत असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. रक्तातील हॉर्मोनांची पातळी प्रत्यक्ष मोजून भावी धोक्याशी तिचा संबंध जोडणाऱ्या नऊ अभ्यासांचे एकत्रीकरण २००२ मध्ये झाले. त्यात रजोनिवृत्त स्त्रियांपैकी एस्ट्राडायॉल या स्त्रीमदजनाची पातळी सर्वाधिक असलेल्या एक-पंचमांश स्त्रियांत धोका सर्वांत कमी पातळीच्या गटापेक्षा सुमारे दुप्पट आढळला.

जीनांचा शोध : १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी तरुण वयात स्तनकर्करोग झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून १७ व्या गुणसूत्रावरील एका स्थानाकडे बोट दाखविले. तेथील बीआरसीए-१ हे जीन १९९४ मध्ये व १३ व्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ हे जीन १९९५ मध्ये निश्चित झाले. निरोगी स्थितीत ही दोन्ही जीने डीएनएमधील तुटी सांधण्याचे काम करतात. त्यांत उत्परिवर्तन असलेल्या स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत रोग होण्याचा संभव सुमारे ७० टक्के असतो, असे २०१७ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. यांपैकी ज्यू समाजात वारंवार आढळणारे एक उत्परिवर्तन भारतीय कुटुंबांतही आढळले आहे. या जीनांवरील अमेरिकन कंपनीचे एकस्व २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केल्यानंतर चाचणीची किंमत उतरू लागली.

विदर्भातील वाचकास जीनजन्य रोग म्हटला की दात्रकोशिका पांडुरोग, म्हणजे बोलीतील सिकलसेल, आठवतो. तेथे एका जीनातील एकच बदल दोन्ही पालकांकडून आला की रोग होतो. स्तनकर्करोगाचे तसे नाही. बीआरसीए उत्परिवर्तने एकूण रुग्णांच्या अल्प भागातच आढळतात. बहुसंख्य रुग्ण स्त्रियांच्या घराण्यात पूर्वी कोणासही हा रोग झालेला नसतो. २००७ पासून लक्षावधी स्त्रियांच्या जीनसंचांची तुलना करून शंभराहून अधिक असे सामान्य भेद शोधण्यात आले, की ज्यांपैकी प्रत्येकामुळे धोका अगदी थोडा वाढतो. त्यांपैकी काही भेद स्त्रीमदजनाच्या ग्राहीच्या (हॉर्मोन बांधून घेणाऱ्या प्रथिनाच्या) जीनालगत आहेत; तो दुवा २००९ मध्ये शांघायच्या स्त्रियांच्या अभ्यासातून प्रथम पुढे आला.

जीने आणि हॉर्मोने यांची सांगड घालण्याचा सरळ मार्ग म्हणजे हॉर्मोने बनविणाऱ्या एंझाइमांची जीने तपासणे. ॲरोमॅटेजाच्या जीनातील काही भेदांमुळे रजोनिवृत्त स्त्रियांतील स्त्रीमदजनाची पातळी १० ते २० टक्क्यांनी बदलते, असे २००७ पर्यंत निश्चित झाले. परंतु त्याच भेदांचा रोगाच्या धोक्याशी संबंध मात्र आढळला नाही. हा विरोधाभास दिसतो तितका गहन नाही. हॉर्मोनाची पातळी दुप्पट झाली तर धोका साधारण २९ टक्क्यांनी वाढतो. त्या हिशेबाने १० ते २० टक्के वाढीने धोका अवघा ४ ते ७ टक्के वाढावा, आणि एवढा फरक काही हजार स्त्रियांच्या तुलनेत लपून जातो. एका स्त्रीच्या बाबतीत तर तिच्या बाळंतपणांचा, स्तनपानाचा व उतारवयातील मेदाचा वृत्तांत अशा एका जीनभेदापेक्षा कितीतरी अधिक बोलतो.

यूरोपीय स्त्रियांत सापडलेले भेद भारतीय स्त्रियांना लागू पडतात काय, याची तपासणी टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. काही लागू पडले, सर्व पडले नाहीत. ज्या मोठ्या संकलनांवर धोक्याचे गुणांक ठरतात, त्यांतील बहुतेक स्त्रिया यूरोपीय वंशाच्या आहेत. गोंड, माडिया वा परधान स्त्रीस ते गुणांक जसेच्या तसे लावणे हे शास्त्र नव्हे.

ग्रामीण भाग व चंद्रपूर-गडचिरोली : १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तीत स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आढळले. तेथे गर्भाशयग्रीवेचा कर्करोग पुढे होता. लवकर विवाह, अनेक बाळंतपणे, दीड-दोन वर्षे अंगावर पाजणे, उशिरा ऋतुप्राप्ती आणि शेतातील कष्ट या साऱ्यांनी हॉर्मोनांचा प्रभाव मर्यादित राहतो, हे त्याचे स्पष्टीकरण. वरोरा तालुक्यातील कापसाच्या वा सिंदेवाहीकडील धानाच्या बांधीत राबणाऱ्या स्त्रीच्या आयुष्याचे ते जणू वर्णनच आहे. पण या ‘संरक्षणा’ची किंमत ध्यानात घेतली पाहिजे. उशिरा ऋतुप्राप्तीमागे बालपणीचे कुपोषण असते आणि अठराव्या वर्षाआधीच्या प्रसूतीत मातेचा जीवच पणाला लागतो. त्या स्थितीची भलावण करणे क्रूरपणाचे होईल.

शिवाय नोंद झालेला रोग आणि असलेला रोग यांत अंतर असते. गडचिरोलीजवळील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास स्तनाच्या रोगांविषयी नव्हता. स्त्रिया शरीराचे दुखणे किती काळ कोणासही न सांगता सोसतात, हे मात्र त्याने दाखवून दिले. आणि स्तनातील गाठ तर प्रारंभी दुखतही नाही.

आता स्थिती पालटत आहे. मुलींचे शिक्षण वाढले, विवाहाचे वय पुढे गेले, दोन अपत्यांवर कुटुंब थांबू लागले. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी यांसारख्या खाणी व कारखान्यांच्या गावांत राहणी शहरी झाली. या बदलांबरोबर स्तनकर्करोग वाढणे अपेक्षितच आहे, व मुंबईत तो गेल्या शतकाच्या अखेरीस गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगास मागे टाकून पुढे गेला. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो असे म्हटले जाते. त्याचा काही भाग लोकसंख्येतील तरुणांच्या आधिक्यामुळे भासणारा आहे. मात्र ज्यांच्या अर्बुदात हॉर्मोनांचे ग्राही नसतात व ज्यांना टॅमॉक्सिफेनासारखी औषधे लागू पडत नाहीत, अशा रुग्णांचे प्रमाण येथे अधिक आढळते. अर्बुदात हे दोन्ही ग्राही व हर-२ हे प्रथिन यांपैकी काहीच नसलेल्या स्त्रिया भारतात एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश आहेत.

उपचारांतील हॉर्मोने : इंग्लंडमध्ये १९७३ पासून वापरात आलेले टॅमॉक्सिफेन स्त्रीमदजनाच्या ग्राहीवर बसून हॉर्मोनाची वाट अडविते. ते स्वस्त असून गोळीच्या रूपात घेता येते. त्यामुळे दूरच्या गावातील रुग्णासही ते घेणे शक्य होते. मुंबईत डॉ. राजेंद्र बडवे यांनी वेगळा प्रश्न घेतला. शस्त्रक्रिया ऋतुचक्राच्या कोणत्या टप्प्यात झाली, यावर रुग्णाचे आयुष्य अवलंबून असते काय, हे त्यांनी लंडनमधील नोंदींवरून १९९१ मध्ये मांडले होते. त्यावरून शस्त्रक्रियेपूर्वी प्रगर्भरक्षी हॉर्मोनाचे एकच अंतःक्षेपण देण्याचा प्रयोग त्यांनी टाटा रुग्णालयात १,००० स्त्रियांवर केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा विचार करता फरक निर्णायक नव्हता. काखेतील गाठींत रोग पसरलेल्यांना मात्र लाभ दिसला.

निदानाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झाला. १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करून एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत या गटातील रोग आधीच्या अवस्थेत सापडल्याचे आणि ५० वर्षांवरील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता मात्र घट निर्णायक ठरली नाही. या पद्धतीस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर समाविष्ट झाली आहे. गाठ सापडल्यावर वरोऱ्याच्या स्त्रीस पुढील तपासणीसाठी हिंगणघाटमार्गे सेवाग्रामला किंवा सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूरला जाता येते. या दोन्ही ठिकाणी कर्करोगाची नोंदणीही चालते. अहेरी वा एटापल्लीकडील स्त्रीस तेच अंतर कित्येक पट आहे, आणि शेतीच्या हंगामात तो प्रवास सहसा पुढे ढकलला जातो.